तेरची हस्तिदंती मूर्ती आणि तीन महिन्यांची काचपेटी

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३च्या उत्खननात मिळालेला तसल्याच मूर्तीचा तुटका भाग आणि इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली, साधारण २५ सेंटिमीटर उंचीची भारतीय मूर्ती. ही तीन भावंडं तीन घरी नांदतात. वेगवेगळ्या ठिकाणच्या वस्तू थोड्या काळापुरत्या एकत्र मांडणाऱ्या विशेष प्रदर्शनाची गरज कुठून येते, ते यांच्याकडे पाहिलं की कळतं.

मराठवाड्यात पुरावस्तू आधी फावड्याला लागल्या, अभ्यासकाच्या हाती नंतर आल्या. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, टाकायला गावाची पांढरी (जुन्या वस्तीची माती) खणायची, की मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी वर यायची. पावसाने टेकाड धुपलं तरी तेच. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी, पैठणला बाळासाहेब पाटील यांनी अशा वस्तू जमवल्या, म्हणून त्या वाचल्या. आज तिथली संग्रहालयं या संग्रहांवरच उभी आहेत. पण अशा वस्तूला थर नसतो. कोणत्या खोलीवर, कशाशेजारी सापडली याची नोंद नसली, की पाटीवर ‘सातवाहन काळ’ एवढंच लिहिता येतं.

थर आहे तो भोकरदनला. ते उत्खनन नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केलं. आणि पॉम्पेई तर इ.स. ७९मध्येच ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीची, यात वाद नाही. तिन्ही शेजारी ठेवल्या, की तेरच्या मूर्तीचा काळ तुलनेने सांगता येतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे तेर, सांगितलंय. रोमन जगाशी चाललेल्या त्या काळच्या व्यापाराचा पुरावाही मग डोळ्यांनी दिसतो.

वस्तू कुणाच्या ताब्यात, हा गुंता राजकीय इतिहासातून आलाय. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१४ साली पुरातत्त्व खातं निघालं, त्याचं मुख्यालय हैदराबादला. १९४८ला संस्थान गेलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्रात. वस्तू राज्याच्या, विद्यापीठाच्या, पालिकेच्या अशा वेगवेगळ्या नोंदवह्यांत राहिल्या. आता पैठणचं नाणं छत्रपती संभाजीनगरला मांडायचं, तरी पत्रव्यवहार आलाच.

तात्पुरत्या प्रदर्शनाची ताकद मात्र मोठी. १९४७-४८च्या हिवाळ्यात लंडनला भारतीय कलेचं प्रदर्शन भरलं. परतलेल्या वस्तू दिल्लीत राष्ट्रपती भवनात मांडल्या आणि त्यातूनच १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. पुढे १९७२चा पुरावस्तू कायदा १९७६पासून लागू झाला. शंभर वर्षांवरची वस्तू (हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर) परदेशी पाठवायची, तर केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्थाच पाठवू शकते.

अशा प्रदर्शनाची मुदत तीन महिन्यांची का? उजेडाचा हिशोब असतो. कागद, कापड आणि रंगीत वस्तूंना ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) धरतात. रोज आठ तास, ९० दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास. दिवा ३०० लक्सचा लावला, तर तेवढाच उजेड १५ दिवसांत खर्ची पडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही.

हस्तिदंताला उजेडापेक्षा हवेतली उलथापालथ जास्त छळते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, पावसाळ्यात ऐंशीवर जाते. दालनात पाण्याचा कूलर लावणं तर सर्वांत वाईट: दिवसा ओल चढते, संध्याकाळी कूलर बंद झाला की हवा पुन्हा कोरडी, आणि हस्तिदंताचे थर फाकून त्याला भेग जाते. उपाय म्हणजे घट्ट बंद काचपेटी आणि तिच्या तळाशी आधीच ५० टक्के आर्द्रतेवर आणून ठेवलेलं सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे आणि सोडणारे दाणे. प्रमाण घनमीटरला २० किलो. लहान पेटीला दोन किलो पुरतं. बाहेरून आलेला खोका लगेच उघडायचा नाही. दालनात निदान २४ तास तसाच ठेवायचा, मग फोटोंसह स्थिती अहवाल करून वस्तू देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या.

सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांची गत वेगळी. नवी प्लायवूडची पेटी, पांढऱ्या डिंकाने चिकटवलेली मखमल, दिसायला झकास. पण लाकूड आणि डिंक दोन्ही आम्लाची वाफ सोडतात. काही आठवड्यांत नाण्यावर पिठासारखी पांढरी भुकटी धरते. ती पुसली, की तिच्यासोबत नाण्यावरच्या हत्तीची सोंडही जाते. म्हणून ही नाणी पावडर-कोटिंग केलेल्या लोखंडी ट्रेमध्ये, न रंगवलेल्या सुती कापडावर ठेवतात.