कुलूप लावायचं आणि किल्ली वरच ठेवायची

‘‘वेबसॉकेटवरून ब्राउझरचे निरोप मास्क होऊनच जातात, मग वेगळं एन्क्रिप्शन कशाला?’’ परवा एका चांगल्या प्रोग्रामरने मला हे विचारलं. प्रश्नाचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चूक. वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली कायम उघडी जोडणी, आणि मास्किंग म्हणजे तिच्यावरून जाणाऱ्या निरोपाचे बाइट एका किल्लीने बदलणं. हे मास्किंग माझा आवडता विषय, त्यामुळे आता सुटका नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. वेबचा मूळ रिवाज असा, की ब्राउझरने विचारायचं आणि सर्व्हरने उत्तर द्यायचं. विचारल्याशिवाय सर्व्हरने तोंड उघडायचं नाही. लेख वाचायला हे पुरतं, पण चॅटमध्ये समोरच्याने काही लिहिलं तर ते तुम्हाला कळणार कसं? जुना उपाय म्हणजे दर दोन सेकंदांनी ‘‘आलं का काही?’’ असं विचारत राहणं. दर खेपेला तेच हेडर, त्याच कुकीज, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘‘नाही’’. मग लाँग पोलिंग आलं. त्यात सर्व्हर लगेच ‘‘नाही’’ म्हणत नाही, काही येईपर्यंत उत्तर रोखून धरतो. जुगाडच, पण वर्षानुवर्षं चालला. डिसेंबर २०११मध्ये आरएफसी ६४५५ हे मानक प्रसिद्ध झालं आणि वेबसॉकेटला पक्के नियम मिळाले. एकदा जोडणी झाली, की दोघांनीही हवं तेव्हा बोलावं.

सुरुवात मात्र साध्या एचटीटीपी विनंतीनेच, म्हणजे वेबच्या नेहमीच्या भाषेतच होते. ब्राउझर म्हणतो, ‘‘वेबसॉकेटवर यायचंय’’, आणि सोबत १६ यादृच्छिक बाइट पाठवतो. सर्व्हर त्यांच्या मजकूर-रूपाला ३६ अक्षरांची एक ठरलेली ओळ चिकटवतो, त्याचा शा-१ हॅश (ठरलेल्या गणिताने निघणारा छोटा ठसा) काढतो आणि १०१ क्रमांकाच्या उत्तरातून परत धाडतो. ही ओळ जगभर एकच आहे आणि मानकात छापलेली आहे, म्हणजे गुपित काहीच नाही. पलीकडचा सर्व्हर खरोखर वेबसॉकेट जाणतो, की समजल्यासारखी नुसती मान डोलावतोय, एवढंच त्यातून तपासलं जातं.

आता निरोप. समजा, तुम्ही ‘नमस्ते’ टाइप केलं. अक्षरांचे बाइट करायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्यातले न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा असे सहा घटक होतात, प्रत्येकी ३ बाइट, एकूण १८. त्यांच्यापुढे दोन बाइटचं शीर्षक लागतं. पहिला बाइट १००००००१: ‘निरोप इथेच पूर्ण, प्रकार मजकूर’. दुसरा १००१००१०: पहिला १ म्हणजे ‘मास्क केलेला आहे’, उरलेल्या सात बिटांत लांबी, १८. मग ४ बाइटची मास्कची किल्ली आणि शेवटी मजकूर. सगळे मिळून २४ बाइट. या गठ्ठ्याला फ्रेम म्हणतात. सर्व्हरकडून तोच शब्द उलट आला तर २०च, कारण सर्व्हरने मास्क करायचं नसतं.

मास्किंगचं गणित शाळकरी आहे. दोन बिट सारखे असले तर ०, वेगळे असले तर १. याला एक्सऑर म्हणतात. ‘न’चा पहिला बाइट १११०००००. किल्लीचा बाइट समजा ०१०११०१०. एक्सऑर केलं की १०१११०१० मिळतं. त्यावर तीच किल्ली पुन्हा चालवा, १११००००० परत हजर! किल्लीचे चार बाइट संपले की पुन्हा पहिल्यापासून वापरायचे. आणि ही किल्ली त्याच फ्रेममध्ये, मजकुराच्या अगदी आधी, उघडी लिहिलेली असते. वाटेत डोकावणारा कुणीही मजकूर वाचू शकतो. मग हा खटाटोप कशासाठी?

उत्तर वाटेवरच्या मध्यस्थात आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये कधी कधी प्रॉक्सी बसलेले असतात. ते रहदारी पाहतात आणि वारंवार लागणाऱ्या फायलींची प्रत कॅशेमध्ये ठेवतात. त्यातल्या काहींना वेबसॉकेट कळत नाही. आता एका लबाड पानाची कल्पना करा. ते स्वतःच्याच सर्व्हरशी वेबसॉकेट जोडतं आणि असे बाइट पाठवतं, की दिसायला ती दुसऱ्याच एखाद्या नामांकित साइटवरच्या स्क्रिप्ट फाइलची विनंती वाटावी. भोळा प्रॉक्सी फसतो. लबाड सर्व्हर उत्तरादाखल विषारी स्क्रिप्ट देतो, आणि प्रॉक्सी ती त्या नामांकित साइटची म्हणून जपून ठेवतो. पुढे त्या प्रॉक्सीमागच्या प्रत्येकाला तीच मिळते. हे नुसतं कल्पनेतलं संकट नव्हतं. २०१०मध्ये संशोधकांनी प्रत्यक्ष तपासलं तेव्हा काही मध्यस्थ खरंच असे फसले, आणि त्याच डिसेंबरात फायरफॉक्स आणि ऑपेराने तेव्हाचं वेबसॉकेट बंद ठेवायचं ठरवलं.

मास्किंग नेमकं इथे आडवं येतं. किल्ली ब्राउझर निवडतो, दर फ्रेमला नवी, आणि पानावरच्या जावास्क्रिप्टला ती आधी कळत नाही. त्यामुळे तारेवर कोणते बाइट उमटणार हे लबाड पानाच्या हातात उरत नाही. त्याने काहीही लिहिलं तरी प्रॉक्सीला दिसणार नुसता गाळ. म्हणजे मास्किंग तुमचं गुपित राखत नाही, ते बिचाऱ्या प्रॉक्सीचं रक्षण करतं. मास्क न केलेली फ्रेम ब्राउझरकडून आली, तर सर्व्हरने जोडणी तोडलीच पाहिजे, इतका नियम कडक आहे. गोपनीयता हवी असेल तर पत्त्याची सुरुवात ‘डब्ल्यूएस’ऐवजी ‘डब्ल्यूएसएस’ने करा, मग टीएलएस हे खरं एन्क्रिप्शन ते काम करतं.

जाता जाता आमच्या क्षेत्रातल्या एका गंड्यादोऱ्याबद्दल. ‘‘वेबसॉकेट लावलं की अ‍ॅप वेगवान होतं’’ ही श्रद्धा फार पसरली आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १० हजार किलोमीटरवर असेल, तर एका दिशेला ५० मिलिसेकंद लागणारच, कोणताही ताईत बांधा. तासातून एकदा बदलणाऱ्या आकड्यासाठी जोडणी उघडी ठेवणं तर निव्वळ हौस.

आणि उघडी जोडणी सांभाळावी लागते. माझ्या एका चॅटमध्ये माणसं मिनिटभर गप्प राहिली की संवाद मरायचा. दोन दिवस मी स्वतःच्या कोडला शिव्या घातल्या. शेवटी सापडलं, की मधला प्रॉक्सी ६० सेकंद शांतता दिसली की दोर कापत होता. सर्व्हरने दर ३० सेकंदांनी ‘पिंग’ पाठवायचा, ब्राउझर आपसूक ‘पाँग’ म्हणतो. तेवढ्याने काम झालं. पुढच्या आठवड्यात सर्व्हर रीस्टार्ट केला, तर तुटलेले सगळे ब्राउझर एकाच क्षणी परत जोडायला धावले आणि सर्व्हर पुन्हा झोपला. आता प्रत्येक ब्राउझर आधी एक सेकंद थांबतो, जमलं नाही तर दोन, मग चार, आणि दर वेळी त्यात थोडा यादृच्छिक उशीर मिसळतो.