पार्श्वभूमी : रखवालदार, दरोडेखोर, राजे

कोयता घेऊन गाड्या फोडणाऱ्या पोरांची बातमी आली की पुण्यात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक, 'ठोकून काढा.' दुसरं, 'परिस्थितीनं तसं केलं.' दुसरं म्हणणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, तो समाजशास्त्रातल्या विचलनाच्या, म्हणजे माणूस समाजाचे नियम का मोडतो याच्या, सिद्धांतांचीच भाषा बोलत असतो. ते सिद्धांत घासून पाहायला पुण्याजवळच एक जुना खटला आहे.

३ फेब्रुवारी १८३२ रोजी खडकमाळ आळीत, मामलेदार कचेरीच्या आवारात उमाजी नाईकांना फाशी दिली. दहशत बसावी म्हणून प्रेत तीन दिवस पिंपळाला टांगून ठेवलं होतं असं सांगतात. कंपनी सरकारच्या कागदांत ते दरोडेखोर होते. आज आपण त्यांना 'आद्यक्रांतिवीर राजे' म्हणतो. (वासुदेव बळवंत फडकेही 'आद्य'च. हा वाद पुण्याला मानवतो.)

उमाजी पुरंदरजवळच्या भिवडीचे, रामोशी. रामोशांकडे गडांची आणि गावांची रखवाली असे. गावात चोरी झाली तर रामोशानं माग काढायचा आणि चोराची पावलं शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायची. ते जमलं नाही तर भरपाई त्याच्याच माथी. याच्या बदल्यात गाव त्याला धान्य आणि हक्क देई. म्हणजे चोरीची भीती हाच या व्यवस्थेचा कणा होता, आणि रखवालदार व संशयित एकाच घरात नांदत. पुढे पुण्याच्या लष्करातले साहेबलोकही बंगल्यावर रामोशी ठेवत, तोही याच हिशेबानं.

१८१८ला पेशवाई बुडाली. गड कंपनीकडे गेले आणि रखवालीचा जुना हिशेब मोडला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमनं १८९३मध्ये आणि पुढे १८९७मध्ये जी 'अनॉमी' मांडली, म्हणजे जुने नियम सुटलेत आणि नवे अंगवळणी पडले नाहीत अशी अवस्था, ती सासवड-जेजुरीच्या डोंगरात त्याच्या सत्तर वर्षं आधी आलेली होती. पण तेवढ्यानं भागत नाही. गड सुटलेले रामोशी पुष्कळ होते, बंड सगळ्यांनी केलं नाही.

इथे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनचा १९३८चा निबंध जास्त कामाला येतो. समाज मिळवण्याजोगं काय ते ठरवतो आणि ते मिळवायची रीतही ठरवतो. ज्यांना रीत बंद, त्यांतले काही ध्येय तेच ठेवून आडवाट धरतात. काही दोन्ही झुगारून नवं मांडतात, आणि मर्टन फक्त यालाच 'बंडखोरी' म्हणतो. दरोडा पहिल्या खणात बसतो. पण १८३१मध्ये उमाजींनी जाहीरनामा काढला: कंपनीची नोकरी सोडा, सारा देऊ नका. हा दुसरा खण. माणूस एकच, आणि मधल्या काळात याच सरकारनं त्याला माफी देऊन चाकरीतही घेतलं होतं. मर्टनची विभागणी स्वच्छ आहे. माणूस मात्र एका खणात फार काळ थांबत नाही.

फडक्यांच्या बंडात तर दोन खण एकाच टोळीत दिसतात. लष्करी हिशेब खात्यातला हा कारकून १८७९मध्ये रामोशांना घेऊन धामारी गावावर चालून गेला. त्याला राज्य उलथायचं होतं. सोबत्यांचं लक्ष लुटीच्या वाटणीवर, अशी खंत त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. मला सोबत्यांचा राग येत नाही. १८७६-७७च्या दुष्काळानंतर पोटाला काय लागतं, हे कारकुनापेक्षा त्यांना जवळून माहीत असणार.

इतिहासकार एरिक हॉब्सबॉमनं १९५९मध्ये अशा माणसांना 'सामाजिक दरोडेखोर' म्हटलं: राज्याच्या लेखी गुन्हेगार, गावकऱ्यांच्या लेखी नायक. ऐकायला हे छान वाटतं. पण लुटल्या गेलेल्या वाण्याचा जबाब त्यात फारसा येत नाही. शिवाय उमाजींबद्दलचा मोठा ऐवज कुणी लिहिला? त्यांना पकडण्याच्या मोहिमेवर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशनं, फाशीच्या दुसऱ्याच वर्षी. कौतुक आणि आरोप, दोन्ही एकाच हातचे.

म्हणूनच मला समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरची १९६३ची मांडणी सगळ्यात उपयोगाची वाटते. कृत्य जात्याच विचलित नसतं. नियम करणारे आणि तो लावणारे शिक्का मारतात, आणि शिक्का बसलेला माणूस पुढे त्याच वाटेनं ढकलला जातो. इंग्रजांनी हा शिक्का माणसावरून जमातीवर नेला. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा अशा युक्तिवादावर उभा होता की सुतारकाम बापाकडून मुलाकडे येतं, तशी चोरीही येते. 'जन्मजात गुन्हेगार' सांगणारं इटालियन गुन्हेशास्त्रज्ञ लोंब्रोसोचं पुस्तक १८७६चं. इथे कायदा सिद्धांताच्या पाच वर्षं आधी झाला होता. १९११मध्ये तो देशभर लागू झाला. त्यातून पोलिसांपुढची हजेरी आली, बाहेर जायला पास आला, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेचं कुंपण आलं. त्या वस्तीला लोक 'सेटलमेंट'च म्हणत.

३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला आणि जमाती 'विमुक्त' झाल्या. महाराष्ट्राच्या यादीतल्या चौदांत रामोशी आहेत. त्याच वेळी राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९चा. त्यात जमातीचं नाव नव्हतं, पण तुरुंगाच्या नियमावल्यांत ते अनेक ठिकाणी टिकून राहिलं. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा तरतुदी रद्द केल्या आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकानाही काढायला सांगितला.