बाहेर पडणारी ठिणगी आत पडेलच असं नाही

गाडी मिसिंग करायला, म्हणजे मध्येच ठिणगी चुकून गचके द्यायला लागली की स्पार्क प्लग तपासायची एक पद्धत ठरलेली आहे. प्लग काढायचा, कॅपमध्ये परत खोचायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि किक मारायची. चट्‌चट् करत ठिणगी दिसली की निकाल जाहीर: ‘प्लग ओके आहे, दुसरीकडे बघा.’ मग कार्ब्युरेटर उघडला जातो, पेट्रोलला शिव्या बसतात, आणि गाडी पुढच्या चढावर पुन्हा तशीच गचके देते. प्लग घरच्या घरी बदलणं तसं सोपं काम आहे. पण ही चाचणी का फसते हे कळलं की त्या कामात नेमकं कशाला जपायचं तेही कळतं.

प्लगच्या टोकाशी दोन इलेक्ट्रोड असतात. मधला चिनी मातीसारख्या पांढऱ्या इन्सुलेटरमधून आलेला आणि त्याच्यावर वाकलेला बाहेरचा. दोघांत साधारण ०.७ ते ०.९ मिलिमीटरची फट. एवढीशी फट, पण बॅटरीचे १२ व्होल्ट ती ओलांडू शकत नाहीत. म्हणून मध्ये कॉइल लागते. तिच्या पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह अचानक तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि त्या वेटोळ्यात काहीशे व्होल्ट तयार होतात. दुसऱ्या वेटोळ्यात तारेचे फेरे शंभरेक पट असल्यामुळे तिथे हजारो व्होल्ट मिळतात. (सीडीआय नावाची इग्निशन पद्धत असलेल्या गाड्यांत प्रवाह तोडण्याऐवजी भारलेला कपॅसिटर रिकामा केला जातो, पुढची गोष्ट तीच.)

आता खरी गंमत. कॉइल २५ हजार व्होल्ट देऊ शकते म्हणजे दर वेळी तेवढे देतेच असं नाही. व्होल्टेज शून्यापासून चढू लागतं, फटीतली हवा ज्या क्षणी हार मानते त्या क्षणी ठिणगी पडते आणि व्होल्टेज कोसळतं. किती व्होल्ट लागणार हे कॉइल ठरवत नाही, फट आणि तिच्यातला वायू ठरवतात.

वायू हार मानतो म्हणजे काय? हवेत एखाददुसरा मोकळा इलेक्ट्रॉन कायम भटकत असतोच. विद्युत क्षेत्र लागू झालं की तो धन बाजूकडे धावतो. वाटेत रेणू आडवा आला की टक्कर. टक्करीच्या वेळी त्याच्याकडे पुरेशी ऊर्जा असेल, म्हणजे ऑक्सिजनसाठी सुमारे १२ आणि नायट्रोजनसाठी १५-१६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं अगदी बारीक एकक), तर तो त्या रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन उडवतो. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा तीस दुपटी झाल्या की एका इलेक्ट्रॉनचे शंभर कोटींहून जास्त होतात. इलेक्ट्रॉन गमावलेले रेणू, म्हणजे धन आयन, उलट दिशेने जाऊन ऋण इलेक्ट्रोडवर आदळतात, तिथूनही नवे इलेक्ट्रॉन निघतात आणि साखळी स्वतःच्या पायावर उभी राहते. एका क्षणापूर्वी विजेला अडवणारी हवा आता वाहक झालेली असते.

पण दोन टक्करींमधलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतं. तेवढ्यात बारा-पंधरा इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा कमवायची तर क्षेत्र जबरदस्त हवं. वायू दाटला की हे अंतर आणखी घटतं. गर्दीतून धावत सुटलेल्या माणसाला वेग धरता येत नाही, पावलागणिक कुणीतरी आडवं येतं, तशी या इलेक्ट्रॉनची गत होते. मग क्षेत्र आणखी वाढवावं लागतं.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये हे प्रयोगाने मांडलं. ठिणगीला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं. दाब दुप्पट करा किंवा फट दुप्पट करा, परिणाम सारखाच. या नियमाच्या आलेखाला तळ आहे. हवेसाठी तो सुमारे ३३० व्होल्टपाशी येतो. त्याच्या खाली फट मोठी करून बघा, लहान करून बघा, साखळी पेटत नाही. तापमान बदलत असेल तर दाबाऐवजी घनता धरायची, कारण टक्करी रेणूंच्या संख्येमुळे होतात. सिलिंडरमध्ये दाब खूप वाढतो, पण पेट्रोल-हवेचं मिश्रण तापतंही. म्हणून हिशेब घनतेचाच करावा लागतो.

तो करून बघू. उघड्या हवेत ०.८ मिलिमीटरच्या फटीला साधारण चार हजार व्होल्ट पुरतात. पिस्टनने मिश्रण सात-आठ पट दाबलं की तीच फट पाशेनच्या हिशेबाने सहा मिलिमीटरसारखी वागते आणि मागणी पंधरा-वीस हजारांवर जाते. थ्रॉटल मिटलेला असताना सिलिंडरमध्ये मुळात कमी हवा येते, घनता कमी, मागणीही कमी. म्हणून दमलेला प्लग उभ्या गाडीत गुमान चालतो आणि चढावर थ्रॉटल पिळला की मिसिंग करतो. प्लग बाहेर काढून केलेली चाचणी म्हणजे पोहता येतं का ते घोटाभर पाण्यात तपासणं. शिवाय उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना शेजारीच ठिणगी पाडणं हा धोका वेगळाच.

प्लग दमतो तो दोन प्रकारांनी. प्रत्येक ठिणगीबरोबर धातू कणाकणाने झिजतो, फट रुंदावते आणि इलेक्ट्रोडच्या धारदार कडा गोल होतात. धारेवर विद्युत क्षेत्र एकवटतं, गोलाईवर ते विखुरतं, म्हणजे मागणी दोन्हीकडून वाढते. दुसरा प्रकार काजळीचा. कार्बन विजेचा वाहक आहे. इन्सुलेटरच्या नाकावर, म्हणजे सिलिंडरमधल्या टोकावर, त्याचा थर बसला की व्होल्टेज चढण्याआधीच वीज त्यावरून पाझरून जाते. बाहेर चार हजार व्होल्टपर्यंत काम निभावतं, आत वीस हजारांपर्यंत चढायची वेळ आली की नाही.

इरिडियम प्लगच्या जाहिराती वाचल्या तर वाटतं, इंजिनच नवीन मिळतंय. यात खरं एवढंच: इरिडियम सुमारे २४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो, त्यामुळे त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक करता येतं आणि तरीही ते टिकतं. बारीक टोकाला व्होल्टेज कमी लागतं आणि नुकत्याच पेटलेल्या इवल्या ज्योतीची उष्णताही ते कमी शोषतं. साध्या निकेलच्या प्लगने मिश्रण नीट पेटत असेल तर जळणारं पेट्रोल तेवढंच, ताकदही तेवढीच. चार इलेक्ट्रोडच्या प्लगमध्ये चार ठिणग्या पडतात हीसुद्धा थापच. वीज एका वेळी सर्वांत सोपी वाट धरते. झीज चौघांत वाटली जाते, म्हणून तो जास्त टिकतो.

आता पाना हातात घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लग पाना सरळ बसवा, तिरका झाला तर इन्सुलेटरला तडा जातो. निघालेल्या प्लगचं नाक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. तेलकट असेल तर दुखणं प्लगचं नाही, ऑइल वर येतंय.

नवा प्लग पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच घ्या. क्रमांकात उष्णतेची श्रेणीही असते. नाक ४५०-५०० अंशांच्या वर राहिलं तरच काजळी जळून जाते आणि ८५० च्या आसपास गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटू लागतं. एनजीके कंपनीचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉश कंपनीचा वाढला की गरम, तेव्हा अंदाजाने अदलाबदल नको. फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा आणि कमी-जास्त करायची असेल तर फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड हलवा. इरिडियमच्या टोकाला गेजही घासू देऊ नका.

प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा बसवून सुरुवातीचे आटे त्यानेच फिरवा. प्लग तिरका लागला तर नळी घसरते. पाना मात्र घसरत नाही, तो ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो. वायसर टेकला की नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा, नेमका आकडा खोक्यावर छापलेला असतो. सैल ठेवलात तर नाकाची उष्णता सिलिंडरच्या हेडमध्ये उतरत नाही आणि प्लग भाजून निघतो.

एका सिलिंडरला दोन प्लग असतील तर अडचणीच्या जागेतलाही बदला. तो मेला तरी गाडी एकावर चालत राहते. ज्योतीला सिलिंडरभर पसरायला जास्त वेळ लागतो, पिकअप पडतो, आणि कारण कार्ब्युरेटरमध्ये शोधलं जातं.