धडा वाचला, पण आठवेना

पन्नाशीला टेकलेला माणूस पुन्हा कॉलेजात जाऊ लागला की महिन्याभरात म्हणतोच, "आता काही डोक्यात राहत नाही." परीक्षेच्या आदल्या रात्री अठरा वर्षांची पोरंही हेच म्हणतात. दोघांनीही धडा चार-चार वेळा वाचलेला असतो. मला वाटतं, दोष वयापेक्षा या वाचण्यात जास्त आहे.

वयाचा परिणाम होतच नाही असं नाही. जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि लॉरा जर्मिन यांनी २०१५ मध्ये हजारो लोकांच्या चाचण्यांचा अभ्यास मांडला. माहिती झटपट हाताळण्याचा वेग अठरा-एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो, पुढे तो हळूहळू उतरतो. शब्दसंग्रह मात्र पन्नाशीनंतरही वाढत राहतो. भराभर शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या मागे धावताना मोठ्या विद्यार्थ्याची दमछाक होते ती यामुळेच. पण नवी माहिती अडकवायला त्याच्याकडे खुंट्या जास्त असतात.

आणि मेंदू? लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा तर सुमारे २५,००० रस्ते डोक्यात बसवावे लागतात. कॅथरीन वूलेट आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी अशा ७९ उमेदवारांचे मेंदू तयारीच्या सुरुवातीला तपासले आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा पाहिले. जे ३९ जण उत्तीर्ण झाले, त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागाच्या, मागच्या बाजूला करडा पदार्थ (मेंदूच्या पेशी दाटीने असलेला भाग) वाढलेला दिसला. अनुत्तीर्णांमध्ये तसं दिसलं नाही. ही सगळी प्रौढ माणसं होती.

आता अभ्यासाच्या रीतीकडे येऊ. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ मधला प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवा. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आपल्याला जास्त आठवेल, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. पान ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो की ते पाठ झालं.

समजा, मूत्रपिंडाचा धडा वाचून झाला. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या. 'रक्त गाळलं जातं. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. लघवी होते दीड-दोन लिटर.' इथे पेन थांबतं. मग बाकीचं पाणी गेलं कुठे? वाचताना हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण उत्तर पुढच्याच ओळीत होतं. दोन मिनिटं झगडा, अंदाज लिहा, चुकला तरी चालेल. मग पुस्तक उघडा: सूक्ष्म नलिका ते पाणी परत रक्तात शोषून घेतात. मघाशी डोळ्यांखालून नुसती सरकलेली ही ओळ आता नेमकी त्या रिकाम्या जागेत जाऊन बसते.

हे थकवणारं आहे, आणि त्या वेळी आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. वय झालेल्याला ते जास्त झोंबतं. तिथेच अनेक जण पुन्हा वाचायला लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्याला सलग वेळ मिळत नाही, ही त्याची नेहमीची तक्रार. पण हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच, निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, दाखवलं होतं की तीन दिवसांत वाटून केलेली उजळणी एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा कमी आवर्तनांत काम भागवते. तुटक अर्धा-अर्धा तास इथे उपयोगी पडतो. मूत्रपिंडाचा तो कोरा कागद चार दिवसांनी पुन्हा घ्या. १८० लिटरपाशी पेन क्षणभर अडखळेल, आणि मग पुढे चालू लागेल.