जर्मन सैनिकाची पथारी (दुसरं महायुद्ध)

१९३९ ते ४५ च्या युद्धात जर्मन पायदळातल्या साध्या शिपायाचं अंथरूण-पांघरूण म्हणजे एक लोकरी ब्लँकेट, एक तिकोनी ताडपत्रीवजा कापड आणि अंगातला ओव्हरकोट, बस. बराकीत असताना तरी लाकडी दुमजली पलंग, पेंढा भरलेली गादी आणि निळ्या-पांढऱ्या चौकटींची खोळ मिळायची, पण ती गादी विटेसारखी चौकोनी दिसली नाही तर हवालदार सगळं उसकटून टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

खरी गंमत त्या तिकोनी कापडाची, त्याला 'त्सेल्टबान' म्हणत. हे १९३१ चं मॉडेल, दोन्ही बाजूंनी ठिपक्या-तुकड्यांचं छद्मावरण (लपण्यासाठीची नक्षी, कॅमोफ्लाज) छापलेलं आणि कडेनी बटणं. चार जणांनी आपापली कापडं बटणांनी जोडली की चौघांचा पिरॅमिडसारखा तंबू. खांबाचाही एकेक तुकडाच प्रत्येकाकडे, म्हणजे एकट्याला धड तंबू ठोकता येत नसे, तो कापड गुंडाळून खड्ड्यात पडायचा. पावसात तेच रेनकोट, जखमीला उचलायला तीच झोळी आणि मेला तर बऱ्याचदा त्यातच गुंडाळून पुरायचे. उशीला पाठपिशवी, जुन्या पद्धतीच्या पिशवीचं झाकण केसाळ कातड्याचं असल्यामुळे ती त्यातल्या त्यात मऊ लागायची.

बाकी सगळा भार पेंढ्यावर. गोठा, धान्याचं कोठार, शाळा, जिथे छप्पर मिळेल तिथे पेंढा पसरून ओळीने आडवं व्हायचं, पण त्यात उवा इतक्या की झोपेपेक्षा खाजवणंच जास्त. १९४१ च्या हिवाळ्यात रशियात तर उघड्यावर झोपणं म्हणजे मरणच, त्यामुळे गावकऱ्यांच्या झोपड्या बळकावून त्यांच्या विटांनी बांधलेल्या मोठ्या चुलीभोवती हे झोपायचे आणि घरातल्या बायका-पोरांना कित्येकदा बर्फात हाकलून द्यायचे, हे सांगितल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. त्याच डिसेंबरात नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने जर्मन जनतेकडे सैनिकांसाठी उबदार कपडे मागितले, म्हणजे तयारी किती होती बघा.

पाणबुडीवर वेगळीच तऱ्हा. टाइप-७ बोटीत चाळीसहून जास्त माणसं आणि बर्थ कमी, म्हणून ड्यूटीवर जाणारा उठला की उतरलेला गडी त्याच्याच गरम जागेत शिरायचा. पुढच्या खोलीत तर सफरीच्या सुरुवातीला जादा टॉर्पेडो ठेवलेले असायचे, ते डागून संपतील तसतसे खालचे बर्थ उघडायला जागा व्हायची.