अमेरिकन फोक आर्ट जमवायचं वेड आलं कुठून

छपरावरचे वाऱ्याची दिशा दाखवणारे तांब्याचे वेदरव्हेन, शिकारीसाठी पाण्यात सोडायची लाकडी बदकं, गोधड्या, गावोगाव फिरून पोर्ट्रेट काढणाऱ्यांची चित्रं, तंबाखूच्या दुकानाबाहेरचे लाकडी पुतळे, हे सगळं अमेरिकेत फोक आर्ट म्हणजे लोककला म्हणून एकाच टोपलीत टाकतात. बनवणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यातही नव्हतं की आपण कला वगैरे करतोय. एडवर्ड हिक्सचंच घ्या, पेनसिल्व्हेनियातला क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाचा प्रचारक, पोटासाठी घोडागाड्या नि पाट्या रंगवायचा, आणि सिंह-कोकरू शेजारी शेजारी बसलेत हे बायबलातलं एकच दृश्य त्याने 60 च्या आसपास वेळा रंगवलं. मग ह्याला आर्ट केलं कोणी? माझ्या मते विकत घेणाऱ्यांनी, आणि त्यातही सगळ्यात आधी मॉडर्न आर्टिस्ट मंडळींनी.

मेन राज्यात ओगनक्विट नावाचं समुद्राकाठचं गाव आहे, तिथे हॅमिल्टन ईस्टर फील्डने 1911 च्या सुमारास उन्हाळी आर्ट स्कूल काढलं. विद्यार्थ्यांना राहायला कोळ्यांच्या जुन्या झोपड्या, आणि त्या सजवल्या होत्या आसपास स्वस्तात मिळालेल्या लाकडी बदकांनी, वेदरव्हेननी, जुन्या चित्रांनी. यासुओ कुनियोशीसारखे तरुण पेंटर तिथे आले आणि बघतात तर काय, पॅरिसवाले ज्या साध्या सपाट फॉर्मसाठी धडपडतायत तो इथल्या सुताराने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलाय! युरोपपुढे कायम कमीपणा वाटणाऱ्या ह्या लोकांना घरचेच पूर्वज सापडले म्हणा ना. 1924 ला न्यूयॉर्कच्या व्हिटनी स्टुडिओ क्लबमध्ये ह्याच गोतावळ्यातून असल्या वस्तूंचं प्रदर्शन लागलं. पोलंडहून आलेला शिल्पकार एली नाडेलमन आणि बायको व्हायोला ह्यांनी तर 1926 ला ब्रॉन्क्समध्ये फोक आर्टचं अख्खं म्युझियमच काढलं, पण 1929 ला शेअर मार्केट कोसळलं, पैसा गेला आणि 1937 ला सगळं कलेक्शन न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीला विकावं लागलं.

ह्याला खरा बाजारभाव दिला तो एडिथ हॅल्पर्टने. ओडेसात जन्मलेली, ग्रीनिच व्हिलेजमध्ये मॉडर्न आर्टची गॅलरी चालवायची, आणि 1931 ला तिने होल्गर केहिलच्या जोडीने त्याच जागेत फोक आर्टची गॅलरी सुरू केली. मंदीच्या काळात मॉडर्न चित्रांना गिऱ्हाईक मिळेना तेव्हा गॅलरीचा खर्च निघाला तो बराचसा ह्या जुन्या मालावर. बाई पक्की धंदेवाली होती, आणि मी हे कौतुकाने म्हणतोय. तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गडगंज रॉकफेलर घराण्याची सून अ‍ॅबी रॉकफेलर. 1932 ला केहिलने न्यूयॉर्कच्या मोमामध्ये (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) जे गाजलेलं प्रदर्शन भरवलं त्यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू अ‍ॅबीच्याच होत्या, फक्त नाव लावलेलं नव्हतं. पुढे तिच्या कलेक्शनसाठी व्हर्जिनियात विल्यम्सबर्गला 1957 मध्ये स्वतंत्र म्युझियम झालं.

इलेक्ट्रा हॅवमायर वेब ह्या सगळ्यांच्या आधीपासून जमवणारी. आईवडील मोने-देगा असल्या फ्रेंच पेंटरांची चित्रं जमवणारे, आणि पोरीने विशीच्या आत तंबाखूच्या दुकानाचा लाकडी पुतळा घरी आणला तेव्हा आईने कपाळावर हात मारला म्हणतात. तिनेच 1947 ला व्हरमाँटमध्ये शेलबर्न म्युझियम उभं केलं.

नंतरची मोठी लाट सत्तरच्या दशकातली. 1971 ला व्हिटनी म्युझियमने गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, बघणारे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पेंटिंगच बघितल्यासारखे चाट पडले. ह्यावर पुढे स्त्रीवादी लोकांनी टीका केली की ह्या शिवणाऱ्या बायका कोण, कशासाठी शिवायच्या हे सगळं बाजूला पडलं. मला ती टीका पटते. 1976 ला देशाची दोनशे वर्षं झाली आणि जुनं अमेरिकन जे जे असेल त्याला भाव आला.

आणि भाव आला की भानगडी आल्याच. वेदरव्हेन ‘फोक’ म्हणून विकले जातात पण 1850 नंतरचे कितीतरी चक्क फॅक्टरीचा माल, मॅसॅच्युसेट्सच्या वॉल्थममधली कशिंग अँड व्हाइट, न्यूयॉर्कची जे. डब्ल्यू. फिस्के असल्या कंपन्या कॅटलॉग छापून विकायच्या. आधी लाकडात आकार कोरायचा, त्यावरून लोखंडी साचा, त्यात तांब्याचा पत्रा ठोकायचा, दोन अर्धे भाग डाग देऊन जोडायचे आणि वर सोन्याचा वर्ख. 2006 मध्ये सदबीजच्या लिलावात जे. एल. मॉट कंपनीचा एक इंडियन चीफ (म्हणजे अमेरिकन आदिवासी सरदार) वेदरव्हेन 58 लाख डॉलरच्या वर गेला! छपरांवरून चोऱ्या व्हायला लागल्या, हेलिकॉप्टर वापरून केल्याचेही किस्से आहेत. जुन्या साच्यांतून नवे तुकडेही निघाले, म्हणजे आकार अस्सल पण वय खोटं. हिरवा गंज केमिकलने आणता येतो, जुनेपणाची खूण म्हणून बंदुकीच्या गोळीचा खड्डा पाडणं तर त्याहून सोपं. म्हणून जाणकार आधी जोडाची शिवण बघतात, मग खाचाखोचांत जुना वर्ख शिल्लक आहे का ते, आणि तो तुकडा कुठल्या छपरावरून उतरला ह्याचा कागद किंवा जुना फोटो मागतात.