घराच्या बागेतला महावृक्ष : जायंट सिकोयाच्या लागवडीची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर, साधारणपणे दीड ते दोन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात विखुरलेल्या सत्तर-पंच्याहत्तर राया, एवढेच जायंट सिकोया या प्रचंड सूचिपर्णी वृक्षाचे नैसर्गिक घर आहे. तरीही इंग्लंड-स्कॉटलंडमधील जुन्या बंगल्यांची आवारे, चर्चची अंगणे आणि अलीकडच्या काळातील घरांमागच्या लहानशा बागा यांतून हा वृक्ष डोके वर काढून उभा असलेला दिसतो. त्याच्या या प्रवासाची सुरुवात १८५२ ते १८५४ या अवघ्या दोन-अडीच वर्षांत झाली.

मिवोक आदी स्थानिक लोकांना हे वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या परिचित होते. बाहेरच्या जगात मात्र त्यांचा बोलबाला झाला तो १८५२ मध्ये, ऑगस्टस डाउड हा शिकारी अस्वलाचा माग काढत कॅलाव्हेरास येथील राईत पोहोचल्यानंतर. पुढच्याच वर्षी तिथला सर्वांत मोठा वृक्ष पाडण्यात आला. करवतीला पुरणार नाही असा त्याचा बुंधा मोठमोठ्या गिरमिटांनी भोके पाडत तोडायला बावीस दिवस लागले, आणि उरलेल्या खुंटावर लोक नाचाचे कार्यक्रम करू लागले. १८५४ मध्ये दुसऱ्या एका वृक्षाची साल सोलून ती आधी न्यूयॉर्कला आणि नंतर लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनासाठी मांडली गेली. १८६६ च्या आगीत ती जळून गेली. बागेत हा वृक्ष असावा ही हौस या तमाशातूनही वाढली, हे नाकारता येणार नाही.

एक्सेटर येथील व्हीच रोपवाटिकेसाठी वनस्पती गोळा करणारा विल्यम लॉब १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत होता. तिथे या वृक्षाची वार्ता कानी पडताच तो कॅलाव्हेरासला गेला आणि बिया, फांद्या व दोन जिवंत रोपे घेऊन, दुसरी एखादी रोपवाटिका आपल्या आधी पोहोचू नये म्हणून, घाईने इंग्लंडला परतला. डिसेंबर १८५३ मध्ये हा ऐवज एक्सेटरला आला आणि पुढच्या वर्षी रोपांची विक्री सुरू झाली. बियांच्या बाबतीत पहिला मान मात्र लॉबचा नाही. स्कॉटलंडमधील पॅट्रिक मॅथ्यू यांना त्यांच्या कॅलिफोर्नियातील मुलाने पाठवलेल्या बिया त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्येच मिळाल्या होत्या. डार्विनच्या कितीतरी आधी, १८३१ मध्ये, नैसर्गिक निवडीचे तत्त्व मांडणारे मॅथ्यू ते हेच.

नावाचा वाद मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने रोचक वाटेल. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी डिसेंबर १८५३ मध्येच वृक्षाला ‘वेलिंग्टोनिया’ असे नाव देऊन टाकले. ज्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ हे नाव दिले, तो वर्षभरापूर्वीच निवर्तला होता. आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच. आपल्या भूमीवरील वृक्षाला इंग्रज सेनापतीचे नाव पाहून अमेरिकन संतापले आणि त्यांनी वॉशिंग्टनचे नाव पुढे केले. ‘वेलिंग्टोनिया’ हे नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेले असल्यामुळे शास्त्रीय नियमांनुसार ते टिकले नाही, आणि १९३९ मध्ये जॉन बुखहोल्झ यांनी ‘सिकोयाडेंड्रॉन’ ही स्वतंत्र प्रजाती मानल्यावर आजचे नाव रूढ झाले. ब्रिटिश माळी मात्र अजूनही वेलिंग्टोनियाच म्हणतात.

सुरुवातीला हे झाड श्रीमंतांचेच होते. स्कॉटलंडमधील बेनमोर येथे १८६३ मध्ये लावलेल्या दुतर्फा रांगेतील झाडे आज पन्नास मीटरच्या आसपास पोहोचली आहेत. जर्मनीतील व्यूर्टेमबर्गचा राजा पहिला विल्हेल्म याने १८६४ च्या सुमारास बिया मागवल्या आणि श्टुटगार्टच्या राजउद्यानात त्यांतून पाच हजारांहून अधिक रोपे तयार झाली. इतक्या दूरवरून हे शक्य झाले ते बी अगदी बारीक असल्यामुळे, कारण एका किलोत सुमारे दोन लाख बिया मावतात. रानात याच बियांचे शंकू कित्येक वर्षे हिरवे आणि मिटलेले राहतात. वणव्याच्या धगीने ते उघडतात आणि पालापाचोळा जळून मोकळ्या झालेल्या मातीत बी रुजते. रोपवाटिकेत ही सारी व्यवस्था माळ्याला करावी लागते : बियांना काही आठवडे ओलसर थंडी, स्वच्छ माती, आणि कोवळ्या रोपांना कुजवणाऱ्या बुरशीपासून जपणूक.

लहान बागेचा प्रश्न नंतर उभा राहिला. मोठ्या जहागिरींच्या जमिनी तुकड्या-तुकड्यांनी विकल्या गेल्या, त्यांवर घरे उठली आणि एकेकाळी विस्तीर्ण हिरवळीवर उभे असलेले झाड कुणाच्या तरी परसात आले. अमेरिकेतील बॉयझी शहरात १९१२ मध्ये एका घराच्या अंगणात लावलेले रोप, जे प्रसिद्ध निसर्गसंरक्षक जॉन म्यूर यांनी पाठवले होते असे सांगतात, पुढे रुग्णालयाच्या विस्ताराच्या आड आले. तोडण्याऐवजी २०१७ मध्ये ते सुमारे तीस मीटर उंच झाड मुळांसकट शेजारच्या उद्यानात नेण्यात आले आणि त्यासाठी तीन लाख डॉलर खर्च झाला. म्यूर यांनी मार्टिनेझ येथील स्वतःच्या घराजवळ लावलेल्या सिकोयाला मात्र तिथले सखल, उष्ण हवामान मानवले नाही आणि त्याला बुरशीने ग्रासले.

ब्रिटनचे दमट, सौम्य हवामान या वृक्षाला चांगलेच मानवले आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तिथे रेडवूड गटातील, म्हणजे सिकोया आणि त्याच्या जवळच्या नातलग झाडांची संख्या पाच लाखांच्या घरात धरली, तर मूळ राईंतील पूर्ण वाढलेले सिकोया ऐंशी हजारांच्या आसपास सांगितले जातात. ही तुलना सरळ नाही, कारण एकीकडे काही दशकांच्या रोपांचीही गणती आहे आणि दुसरीकडे हजार-दोन हजार वर्षांच्या वृक्षांची. तरीही २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत सिएरा नेवाडामधील मोठ्या सिकोयांपैकी दहा टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्याने बागांतील झाडांकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. ही झाडे ब्रिटनमध्ये आपणहून क्वचितच रुजतात. तिथले जवळजवळ प्रत्येक झाड कुणीतरी हाताने लावलेले आहे.